तणाचे तीन वाफे

सुकेशनी वाव्हळेच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरीच लागली होती. होस्टेलवरून विभागात, विभागातून प्लॉटवर, प्लॉटवरून पुन्हा होस्टेलवर. मेसमध्ये ताट पुढ्यात घेतलं की अर्धी भाकर खाऊन उठायची. तिच्या खोलीतली राजेश्री, देवगाव फाट्याची, बिनधास्त पोरगी, तिला म्हणायची, "अगं, पिकाला नजर लावशील तू. किती चकरा मारायलीस?"

"पिकाला नाही, तणाला," सुकेशनी म्हणायची आणि सायकल काढायची.

आता हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सुकेशनी विद्यापीठात एम.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता सोयाबीनमधलं तण. कोणतं औषध मारलं की तण किती मरतं, खुरपलं तर किती जातं, त्यानं उतारा किती वाढतो, असलं सगळं. पण काहीच नाही केलं तर काय होतं, हेही मोजावं लागतं. नाहीतर तुलना करणार कशाशी? म्हणून तिच्या सगळ्या वाफ्यांत तीन वाफे असे होते की पेरणीपासून काढणीपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. केना, कुंजरू, लव्हाळा, दीपमाळ, काय माजायचं ते माजू द्यायचं. ते तिन्ही एका जागी नव्हते, प्लॉटभर विखुरलेले होते. बाकीच्या वाफ्यांत सोयाबीन डुलायलंय आणि मधे ही तीन रानं, अशी गत.

जिची आई जन्मभर दुसऱ्याच्या वावरात खुरपं चालवत आली, तिच्या लेकीनं तण जपायचं! सुकेशनीला कधीकधी याचं हसू यायचं. आईला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. "औषधं मारून बघतोय आम्ही," एवढंच सांगितलं होतं, आणि हीच सगळ्या घोळाची सुरुवात होती.

तिची बेचैनी मात्र तणापायी नव्हती, वर्षापायी होती. वडील आश्रुबा गेले तेव्हा घरात ठरलं होतं की एका वेळी एकानंच शिकायचं. धाकटा सिद्धोधन बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला आणि दुसऱ्याच महिन्यात चाकणच्या एका कंपनीत कामाला लागला. जाताना म्हणाला, "ताई, तू आधी संपव. मग मी हायच." येत्या उन्हाळ्यात सुकेशनीचा प्रबंध जमा झाला की जूनमध्ये त्याचा नंबर. पोरगं दर रविवारी फोन करायचं आणि पहिला प्रश्न ठरलेला, "तण कसं हाय ताई?" आख्ख्या जिल्ह्यात तणाची इतकी काळजी करणारं दुसरं माणूस सापडलं नसतं.

पहिली मोजणी झाली होती. दुसऱ्या मोजणीला सल्लागार समिती स्वतः प्लॉटवर येणार होती, म्हणजे उद्या. आणि आज विभागात सुकेशनीचा सेमिनार होता. मोबाइल बंद करून ती आत गेली. प्रश्नोत्तरं लांबली, तिचे गाईड गिराम सर "बरं झालं" म्हणाले. डॉक्टर माणिकराव गिराम कुणाला बरं म्हणत नसत, त्यामुळं ती जरा हवेतच बाहेर आली. मोबाइल चालू केला तर आईचे मिस्ड कॉल, एकावर एक.

लावला तर गीताबाईचा आवाज एकदम खुशीत. "अगं, मी इथंच हाय, तुह्या वावरात. पेडगावहून टमटम मिळाली, म्हटलं लेकीला भेटून यावं. तू हाफिसात व्हतीस म्हणं. कामावरच्या त्या कस्तुराबाईनं जागा दाखवली. ये बिगीनं, धपाटे आणलेत."

सुकेशनीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पोटात भूक होती, सेमिनार झाला होता, आणि आईच्या हातचे धपाटे. सायकल मारत ती फार्मच्या रस्त्यानं निघाली आणि विहिरीच्या वळणावरून तिला प्लॉट दिसला.

प्लॉट सगळीकडून सारखाच दिसत होता.

तिनं ब्रेक दाबला. पुन्हा बघितलं. कडेचा वाफा, मधला वाफा, लिंबाखालचा वाफा. तिन्ही जागी काळी ढेकळं वर आलेली आणि त्यात सोयाबीनची पिवळट, किडमिडी झाडं अंग चोरून उभी. गवताचं पातं म्हणून नव्हतं. बांधावर गीताबाई पाय पसरून बसलेली, पदरानं तोंड पुसत. शेजारी खुरपं. पिशवीत खुरपं टाकल्याशिवाय ही बाई घराचा उंबरा ओलांडत नसे.

"आलीस? बघ," गीताबाई म्हणाली, "कसं निर्मळ झालंय. आगं, तुह्या बाकीच्या वाफ्याला लोकांनी हात लावला, अन् हे तीनच तसेच सोडलेले. मला तर वाटतंय मुद्दाम केलं. वर पाटी बघितलीस का? मी वाचली, सुकेशनी आश्रुबा वाव्हळे. अन् पाटीखाली हे रान! येणारे-जाणारे काय म्हणतील? आश्रुबाच्या पोरीला वावर कळत न्हाई म्हणतील. मला बसवलंच न्हाई बाई."

एखादा वाफा गेला तर गणितानं भरून काढता येतो, तशी सोय आहे. तिन्ही गेल्यावर काय भरून काढणार?

"तण कुठंय?" तिनं विचारलं. निदान वजन तरी करता येईल, असं काहीतरी डोक्यात आलं.

"कस्तुराबाईला दिलं की. ती तिकडं तुरीत व्हती, भारा बांधून झाल्यावर हाक मारली. तिच्या घरी शेळ्या हायत म्हणं. चांगला मोठा भारा झाला. बिचारी लय खूष झाली."

तीन वाफ्यांचं तण एका भाऱ्यात, आणि भारा शेळ्यांच्या पोटात. संपलं! सुकेशनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला आईचा राग आला, असा राग की ते खुरपं उचलून विहिरीत भिरकावून द्यावं. तुला कुणी सांगितलं होतं? बसवत नव्हतं तर झाडाखाली झोपायचं होतं! सगळं जिभेवर आलं होतं. आणि समोर आईनं डबा उघडला, धपाट्यावर तिळाची चटणी ठेवली आणि हिरव्या डागांच्या बोटांनी पुढं केला.

"खा. किती वाळलीस."

सुकेशनीनं तो धपाटा खाल्ला. कसा खाल्ला तिचं तिला माहीत. मग आईला फाट्यापर्यंत नेऊन टमटममध्ये बसवलं. जाताना गीताबाई आतून म्हणाली, "आता कुणीबी येऊ दे बघायला. तुह्या वावराला नाव ठेवायची कुणाची टाप न्हाई."

संध्याकाळी राजेश्रीनं तिला ओढत गेटजवळच्या टपरीवर नेलं. चहा गार झाला तरी सुकेशनीनं कपाला तोंड लावलं नव्हतं. सगळं ऐकून राजेश्री आधी हसली. हसू येण्यासारखं होतंच. मग सुकेशनीचं तोंड बघून तिनं हसू आवरलं.

"एक ऐक," ती म्हणाली. "गेल्या वर्षी आपल्या सीनियर जीवनच्या प्लॉटमधून फार्मचा ट्रॅक्टर गेला, आठवतंय? फार्मची चूक निघाली म्हणून समितीनं तेवढे वाफे वगळले अन् प्रबंध पुढं गेला. पण विद्यार्थ्याची चूक असली की प्रयोग बाद. पुन्हा पेरा, पुढच्या पावसाळ्यात. तू फक्त एवढंच म्हण, मला माहीत नाही, मी सेमिनारला होते. खोटंय का यात काही?"

खोटं नव्हतं. तेच तर वाईट होतं. ती सेमिनारलाच होती.

"पण मग कुणी काढलं म्हणतील?"

"म्हणू दे की काहीही. मजुरांनी काढलं असेल, रोज नवीन बाया येतात. कोण विचारतंय? एक वर्ष जाईल, सुकेशनी. तुझंच नाही, त्या पोराचंही."

सुकेशनी उठली, पुन्हा बसली. टपरीवाल्यानं दोनदा विचारलं, चहा बदलून देऊ का. तिला ऐकूच गेलं नाही. आपण काही बोलणार नाही, असं तिनं ठरवलं. होस्टेलच्या जिन्यात तिला वाटलं बोलावं. खोलीत पोचेपर्यंत पुन्हा वाटलं, नको.

सकाळी समिती आली. विभागप्रमुख पुढं, मागं गिराम सर, आणखी दोघं प्राध्यापक आणि फार्मचा देखरेखीचा माणूस. सुकेशनी मोजणीची लोखंडी चौकट हातात धरून उभी होती. मोजायला काही नाही आणि चौकट मात्र हातात, त्यामुळं तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

विभागप्रमुख पहिल्या खुरपलेल्या वाफ्यापाशी थांबले. दुसऱ्यापाशी गेले. तिसऱ्यापाशी जाऊन वळले. "हे काय आहे? बिनखुरपणीचे वाफे ना हे? कुणी खुरपले?"

गिराम सरांनी सुकेशनीकडं बघितलं. तिनं खाली बघितलं.

"मी काल सेमिनारला होते सर," ती म्हणाली.

"हो, ती दिवसभर विभागात होती," गिराम सर लगेच म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "फार्मच्याच कुणीतरी केलंय हे."

फार्मच्या माणसाचं तोंड उतरलं. जबाबदारी अंगावर यायला लागली की माणसाची आठवण फार तल्लख होते. "सर, काल आपली कस्तुराबाई गवताचा भारा घेऊन गेली गेटातून. मी बघितलंय. शेळ्यांसाठी नेला असंल. बोलवू का?"

बोलावलं. पलीकडच्या तुरीत बाया कामाला होत्या, त्यातून कस्तुराबाई आली, हात पदराला पुसत. रोजंदारीवरची बाई, पन्नाशीची, सुकेशनीच्या आईच्याच अंगलोटाची.

"काल इथलं गवत तुम्ही नेलं?"

"नेलं साहेब."

"काढलं कुणी?"

कस्तुराबाईनं सुकेशनीकडं बघितलं. एकदाच बघितलं आणि मान वळवली. "म्या न्हाई काढलं साहेब. एक बाई व्हत्या, त्यांनी दिलं."

"कोण बाई?"

"व्हत्या एक."

"बघा, कशा गोष्टी रचतात," विभागप्रमुख इंग्रजीत म्हणाले. मग मराठीत, "शेळ्यांसाठी प्रयोगाचे वाफे कापायचे? या पोरीचं वर्ष गेलं असतं, कळतंय का तुम्हाला? उद्यापासून कामावर यायचं नाही. नाव कमी करा हो यांचं."

"साहेब, म्या न्हाई वो काढलं. लेकराची आण." कस्तुराबाईचा आवाज चढला, मग फाटला. "म्या काहून काढीन? बारा वर्सं झाली मला इथं, कोणता वाफा कापायचा न् कोणता न्हाई, तेवढं कळत न्हाई व्हय मला?"

"चला, पुढं चला," विभागप्रमुख म्हणाले.

आणि सगळे पुढं चाललेही. गिराम सर सुकेशनीच्या जवळून जाताना हळूच म्हणाले, "काळजी करू नको, पहिल्या मोजणीवर भागवू, पुढं ते तीन वाफे वगळून टाकू." म्हणजे झालं होतं. तिला काही बोलावंच लागलं नव्हतं. जूनमध्ये सिद्धोधनचा नंबर पक्का. फक्त गप्प राहायचं, एवढंच काम.

कस्तुराबाई बांधावर खाली बसली होती. काल गीताबाई बसली होती त्याच जागी. सुकेशनीला वाटलं, आईवर कुणी असा आळ घेतला असता, परक्या वावरात, चार माणसांसमोर, तर? मग तिच्याच्यानं राहवलं नाही.

"सर!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की तुरीतल्या बायाही उभ्या राहिल्या. "माझ्या आईनं काढलं."

सगळे थांबले.

"माझी आई आली होती काल. ती खुरपायला जाते लोकांच्या रानात. तिला वाटलं, माझे वाफे मजुरांनी सोडून दिलेत. तिनं काढलं आणि यांना भारा दिला. मला कालच कळलं होतं."

प्राध्यापकांपैकी एकाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. विभागप्रमुखांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मग मघाशी का नाही बोललात?"

"घाबरले सर."

"तुमच्या आईला तुम्ही सांगितलं नव्हतं, हा प्रयोग काय आहे ते?"

एवढं शिकली, सेमिनार दिले, आणि आईला तीन वाक्यांत सांगता आलं असतं ते सांगितलं नव्हतं. आईला काय कळणार, असं वाटलं होतं. ते आता तिला आठवलं आणि तिचे कान गरम झाले.

"नाही सर."

"मग प्रयोग बाद. पुढच्या खरिपात पुन्हा." विभागप्रमुख चालू लागले. गिराम सर क्षणभर रेंगाळले. रागावलेही होते आणि काही बोलायचंही होतं, पण नुसतंच "पाणी पी जरा" म्हणाले आणि गेले.

सुकेशनी कस्तुराबाईपाशी गेली. तिला वाटलं, बाई आता डोक्यावरून हात फिरवेल. कसलं काय! "आदीच बोलायचं ना, म्याडम!" कस्तुराबाई उसळली. "मह्या जिवाचं पाणी पाणी झालं. तुमच्या मायचं नाव घ्यायचं मह्या तोंडावर आलतं, पण म्हटलं तिनं शेळ्याला चारा दिला, तिचं नाव कसं घ्यावं! अन् तुमी नुसत्या बघत उभ्या!" उठून ती तुरीत निघून गेली. सुकेशनीला ते बरोबरच वाटलं.

सिद्धोधनला फोन लावला तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीत होता. मागं मशिनींचा आवाज येत होता. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजी पुढल्या जूनमधी न्हाई," तो म्हणाला.

"नाही रे. त्याच्या पुढच्या."

"बरं. ताई, आईला सांगू नको. ती खाणंपिणं सोडून देईल. कोर्सच एक वरीस वाढला म्हण."

रविवारी ती पेडगावला गेली. वर्षावास चालू होता, गीताबाई विहारातून ग्रंथ ऐकून नुकतीच आली होती, पांढरं लुगडं अजून अंगावर होतं. सुकेशनीनं ठरवल्याप्रमाणं सांगितलं. विद्यापीठानं एक वर्ष वाढवलं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरायचंय.

गीताबाईला वाईट वाटलं, पण क्षणभरच. "वाढवलं तर वाढवलं. माहं ऐक, पुढल्या साली मला आदीच सांग. मी येत जाईन दर बाजाराला. ते तीन वाफे तर मी असे ठिवते, की..."

"आई, नको!"

गीताबाई दचकली.

मग सुकेशनीनं सांगून टाकलं. थांबली नाही, गुळमुळीत बोलली नाही. ते तीन वाफे का तसे ठेवायचे असतात, त्यांच्याशी बाकीच्यांची तुलना कशी करायची, कस्तुराबाईवर आळ कसा आला, वर्ष का गेलं. तीन वाक्यांचंच होतं सगळं. बोलता बोलता ती रडायला लागली. "मीच सांगायला पाहिजे होतं तुला. चूक माझी आहे, आई."

गीताबाई ऐकत राहिली. मग तिनं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "म्हंजी मह्या हातानं सिद्धूचं वरीस काढून टाकलं म्या," ती म्हणाली. "मुळासकट."

त्या दिवशी ती जेवली नाही. घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. सुकेशनी शेजारी बसून विसळू लागली तर तिला उठ म्हणाली नाही, एवढंच.

पुढच्या खरिपात तोच प्लॉट, तीच पाटी, फक्त वाफ्यांच्या जागा बदललेल्या. सिद्धोधन चाकणलाच होता. दर रविवारी फोन यायचा, पण "तण कसं हाय" हा प्रश्न आता तो आधी आईला विचारायचा. कारण गीताबाई बाजारच्या दिवशी यायची ती थेट बांधावर. खुरपं घरी ठेवून यायची. आणि तरी चैन पडायचं नाही बाईला. उठायची, बसायची, हात काखेत घालायची. "मह्या बोटाला कळ लागायली गं," म्हणायची, "ते कुंजरू बघ कसं माजलंय."

मोजणीच्या आदल्या दिवशी सुकेशनी सायकलवरून विहिरीच्या वळणावर आली, तर प्लॉटकडून आरडाओरडा ऐकू आला. कामावर नवीनच आलेली एक मजूरबाई खुरपं घेऊन लिंबाखालच्या वाफ्यात वाकली होती. आणि गीताबाई पदर खोचून बांधावरून पळत सुटली होती. चप्पल एकीकडं, पिशवी दुसरीकडं.

"ए बाई! सर मागं! हात लावशील तर बघ!" ती वाफ्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिला धाप लागली होती. "ते तण मह्या लेकराचं हाय."